मिसमॅच : विजोड जोडीचं गणित

एकलहऱ्यात राहून उंचीचा न्यूनगंड येणं अगदी साहजिक आहे. हॉस्टेलच्या गच्चीवर जा, मेसच्या खिडकीतून बघा, नाहीतर लेक्चरला डुलक्या काढता काढता डोळे उघडा, समोर थर्मलच्या चिमण्या उभ्याच! आमच्या बास्केटबॉल टीमचा प्रॉब्लेमही हाच आहे, फक्त उलटा. चिमण्या गावात आहेत, टीममध्ये एकही नाही.

आमच्याकडे आहे तो एक विंग. सिव्हिलचा, सहा फुटांपेक्षा जेमतेम बोटभर जास्त, पण हातात बॉल आला की अख्खं कोर्ट जागं होतं. गेल्या वर्षीच्या इंटरकॉलेज स्पर्धेत मी (कॅप्टन या नात्याने) एक 'मास्टरस्ट्रोक' मारला. या स्टारला त्याच्या जागेवरून उचललं आणि बास्केटखाली, धिप्पाड गड्यांच्या गर्दीत उभं केलं. पुढे काय झालं ते सांगतोच. पण आधी हा प्रकार नेमका काय असतो ते समजून घेऊ, कारण आयडिया चुकीची नव्हती. मला ती अर्धीच कळली होती, एवढंच.

पाच जागा आणि एक विजोड जोडी

कोर्ट २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर. टीममध्ये पाच जण. एक नंबर म्हणजे पॉइंट गार्ड, बॉल वर आणून खेळ चालवणारा. दोन नंबर शूटिंग गार्ड. तीन नंबर स्मॉल फॉरवर्ड. चार नंबर पॉवर फॉरवर्ड आणि पाच नंबर सेंटर. हे दोघे म्हणजे बास्केटखालचे पैलवान. दोन आणि तीन नंबरवाले बहुधा कडेने खेळतात, म्हणून त्यांना विंग म्हणायचं. विंगला सगळंच थोडं थोडं यावं लागतं : लांबून शूट, ड्रिबल करत आत घुसणं, पास. म्हणूनच टीमचा स्टार बऱ्याचदा विंग असतो.

आता मॅन टू मॅन डिफेन्समध्ये साधारण तीन नंबरला समोरचा तीन नंबरवालाच धरतो. दोघंही सारख्याच चणीचे, सारखेच चपळ. जोडी जुळलेली. आम्ही इलेक्ट्रिकलवाले लॅबमध्ये सोर्स आणि लोड मॅच करण्यासाठी जीव टाकतो, कारण जास्तीत जास्त पॉवर तेव्हाच मिळते. बास्केटबॉलमध्ये मात्र मुद्दाम मिसमॅच करायचा असतो. म्हणजे विजोड जोडी जमवायची, जिच्यात समोरचा अवघडेल.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आपल्या तीन नंबरला चार नंबरवर खेळवायचं. आता त्याच्यासमोर त्यांचा चार नंबर, म्हणजे जाडजूड, उंच, बास्केटपासून दोन पावलांवर राहायची सवय असलेला गडी. आपला विंग थेट थ्री पॉइंट लाइनवर, ६.७५ मीटरवर जाऊन उभा राहतो. पैलवानाला आखाडा सोडून बाहेर यावं लागतं, आणि बास्केटखालची जागा मोकळी होते.

अशा वेळी समोरच्या कॅप्टनपुढे चार रस्ते असतात :

एक, पैलवानाला तिथेच ठेवायचं. मग विंग एका ड्रिबलमध्ये त्याला मागे टाकतो.

दोन, आपला चपळ विंग त्याच्यावर लावायचा. पण मग पैलवानाला आपल्या दुसऱ्या एखाद्या छोट्या खेळाडूला धरावं लागतं. विजोड जोडी मोडत नाही, फक्त पलीकडे सरकते.

तीन, दोघांनी मिळून त्याला घेरायचं. मग आपला एक जण कुठेतरी मोकळा राहणारच. पाचातून दोन गेले की तीन उरतात, आणि धरायचे असतात चार.

चार, पैलवानाला बाहेर बसवून स्वतःही छोटी टीम उतरवायची. म्हणजे त्यांनी आपली उंची स्वतःच्या हाताने सोडून दिली.

थोडक्यात, स्टारची जागा आपण बदलतो ती समोरच्याला बदलायला लावण्यासाठी. तो बदलला नाही, तर आपण नुसतीच आपली घडी विस्कटली!

हे आपण आधी पाहिलेलं आहे

कुणी म्हणेल, हे सगळं अमेरिकेतलं. तसं काही नाही. मुंबईच्या नागपाड्याने अब्बास मुंतसिर यांच्यासारखा अर्जुन पुरस्कार मिळवणारा खेळाडू दिला आणि पुण्याची शिरीन लिमये भारताकडून खेळली. पण ही युक्ती आपल्या सगळ्यांना पाठ आहे ती क्रिकेटमुळे.

२७ मार्च १९९४, ऑकलंड. नवज्योत सिद्धूची मान आखडली. तोपर्यंत वनडेत मधल्या फळीत खेळणाऱ्या सचिनने स्वतः जाऊन ओपनिंग मागितली. अझर कॅप्टन, अजित वाडेकर मॅनेजर. दोघांनी हो म्हटलं. सचिनने ४९ बॉलमध्ये ८२ रन कुटले : १५ चौकार, २ षटकार. १४३ चं टार्गेट आपण चोविसाव्या ओव्हरमध्ये पार केलं. हाही मिसमॅचच होता. पहिल्या पंधरा ओव्हर फील्डर सर्कलच्या आत, आणि बॉलर सावध ओपनरला नवा बॉल टाकायच्या तयारीत. समोर उभा राहिला तो भलताच माणूस. त्याआधी वनडेत त्याचं एकही शतक नव्हतं. पहिलं आलं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, ओपनर म्हणूनच. पुढे एकूण ४९ शतकं झाली, त्यातली ४५ ओपनिंगला.

आता दुसरी बाजू. २००७ च्या वर्ल्ड कपमध्ये हाच सचिन चौथ्या नंबरवर खेळला. बांगलादेशविरुद्ध ७, श्रीलंकेविरुद्ध शून्य, आणि आपण पहिल्याच फेरीत घरी. एका बदलामुळे हरलो असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण माणूस तोच असला तरी जागा बदलल्याने दर वेळी जादू होत नाही, एवढं तरी दिसतंच.

किंमत कोण देतो?

मी विसरलो होतो तो मुद्दा हा. विजोड जोडीला दोन टोकं असतात. आपल्याकडे बॉल असताना त्यांचा पैलवान अवघडतो. त्यांच्याकडे बॉल गेला की त्याच पैलवानाला आपल्या विंगला अडवावं लागतं. धक्के, कोपरं, प्रत्येक रिबाउंडसाठी कुस्ती. पाच फाउल झाले की बाहेर. आणि पाय दमले की सगळ्यात आधी शूट बिघडतो, कारण शूटची ताकद हातात नाही, पायात असते. ज्या गोष्टीसाठी त्याला हलवलं, तीच आपण गमावून बसतो.

एनबीएमधली दोन उदाहरणं बघा. २०१२-१३ च्या सीझनमध्ये न्यूयॉर्क निक्सने आपला स्टार विंग कार्मेलो अँथनी याला मुख्यतः चार नंबरवर खेळवलं. नेहमीचा मोठा खेळाडू अमारे स्टॉडमायर जखमी होता. मेलोने मॅचमागे २८.७ पॉइंट काढून त्या सीझनचा सर्वाधिक स्कोअरचा मान मिळवला. टीमने ८२ पैकी ५४ मॅच जिंकल्या. पण प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत गाठ पडली उंच आणि दणकट इंडियानाशी. २-१ ने मागे पडल्यावर चौथ्या मॅचला निक्सने आपली छोटी टीम मोडली आणि एक मोठा गडी सुरुवातीपासून उतरवला. मेलो परत विंगवर. ती मॅच गेली, आणि शेवटी मालिका ४-२ ने गेली.

दुसरं, २०१५ ची फायनल. गोल्डन स्टेट वॉरियर्सही क्लीव्हलँडविरुद्ध २-१ ने मागे होते. त्यांनी उलटं केलं. सात फुटी अँड्र्यू बोगटला बसवलं, आंद्रे इग्वोडाला या विंगला सुरुवातीपासून घेतलं आणि साडेसहा फुटी ड्रेमंड ग्रीनला सेंटर केलं. क्लीव्हलँडने ७-० अशी सुरुवात केली. सात फूट एक इंचाच्या मॉझगॉव्हने त्या मॅचमध्ये २८ पॉइंट ठोकले. आपण असतो तर पहिल्याच टाइमआउटला बोगटला हाका मारल्या असत्या! वॉरियर्स हलले नाहीत. मॅच १०३-८२ अशी जिंकली. आणि मजा म्हणजे पुढच्या मॅचला क्लीव्हलँडनेच मॉझगॉव्हला जेमतेम नऊ मिनिटं खेळवलं. म्हणजे रस्ता नंबर चार! वॉरियर्स ४-२ ने चॅम्पियन आणि इग्वोडाला फायनलचा सर्वोत्तम खेळाडू. त्या अख्ख्या रेग्युलर सीझनमध्ये तो एकदाही पहिल्या पाचात नव्हता.

दोन्ही टीमना खाली मार बसतच होता. फरक इतकाच, की एक टीम आधी हलली आणि दुसरीने समोरच्याला हलवलं. हिशोब सोपा आहे. समजा, त्यांच्या पैलवानाने बास्केटखाली दहापैकी पाच टाकले, दहा पॉइंट. आपण बाहेरून दहापैकी चारच टाकले, तरी बारा होतात. पैलवान बास्केट करतोय हे डोळ्यांना टोचतं, म्हणून आपण घाबरतो. स्कोअरबोर्ड मात्र वेगळं सांगत असतो.

आमची फजिती

आता आमची मॅच. पहिल्या पाच मिनिटांत आयडिया छान चालली. मी मनातल्या मनात हार घालून घेत होतो. मग समोरच्या कॅप्टनने दोन गोष्टी केल्या. आपल्या पैलवानाला प्रत्येक बॉल आत द्यायला लावला; पहिल्या क्वार्टरमध्येच आमच्या विंगचे तीन फाउल. आणि डिफेन्सला टू-थ्री झोन लावला.

झोन म्हणजे कुणी माणूस धरत नाही, सगळे आपापला पट्टा सांभाळतात. पुढे दोन, मागे तीन. पैलवान आरामात बास्केटखाली उभा! एनबीएमध्ये माणूस न धरता असं तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आपण खेळतो त्या नियमांत डिफेन्सवर असं बंधनच नाही. म्हणजे टीव्हीवर बघून उचललेली माझी युक्ती आपल्या कोर्टवर एका शिट्टीत निकामी झाली. जोड्याच नाहीत, तर विजोड कोण होणार? आमचा विंग कोपऱ्यात उभा राहून हात वर करत राहिला. आम्ही हरलो, चांगलेच हरलो.

नाशिकरोडहून एकलहऱ्यापर्यंत बसमध्ये तो एक शब्द बोलला नाही. रात्री मेसमध्ये ताट घेऊन समोर बसला आणि म्हणाला, "हरलो त्याचं काही नाही रे. पण मला तिथे का उभं केलंस ते निदान सांगायचं होतंस. मला वाटलं, माझा शूट लागत नाहीये म्हणून तू मला आत टाकलंस."

त्या रात्रीची आमटी मला आजही आठवते. सचिनने जागा स्वतः मागितली होती. मी मित्राची जागा त्याला न विचारता बदलली होती. बोर्डवरचा चार नंबर मला दिसला, त्याच्या बरगड्यांवरचे कोपरांचे वळ दिसले नाहीत.

मग करायचं काय?

आमच्या स्पोर्ट्सच्या सरांनी आम्हा दोघांना बसवून जे समजावलं, ते थोडक्यात असं :

समोर मॅन टू मॅन असेल तर विंगला चार नंबरवर जरूर खेळवा, पण सलग नाही. तीन-चार मिनिटांचे तुकडे करा. पैलवान बसला असेल तेव्हा आपल्या विंगला त्याच्या जागी परत न्या.

डिफेन्समध्ये त्याला एकटं सोडू नका. छोट्या खेळाडूने पैलवानाच्या मागे नाही, पुढे उभं राहायचं, म्हणजे पासच अडतो. वरून पास आला तर मागून मदतीला दुसऱ्याने यायचं. रिबाउंडला बॉलकडे बघत बसू नका. शूट सुटताच गुडघे वाकवून कंबर आधी त्याच्याकडे टेकवा. गुरुत्वमध्य खाली असलेला माणूस सहज हलत नाही, हे आपण फर्स्ट इयरलाच शिकलो आहोत.

समोर झोन असेल तर विंगला कोपऱ्यात नको, मध्ये आणा, फ्री थ्रो लाइनवर. तिथे त्याला बॉल मिळाला की पुढच्या दोघांची पाठ होते आणि मागच्या तिघांतल्या मधल्याला ठरवावं लागतं. तो पुढे आला तर त्याच्या मागची जागा रिकामी, पास तिकडे. नाही आला तर शूट मोकळा. झोनमध्येही विजोड जोडी सापडते. ती कुठे लपली आहे ते शोधावं लागतं, एवढंच.

आणि शेवटचं म्हणजे आधी खेळाडूला विचारा. त्याला कळलं पाहिजे की त्याला खाली ढकललेलं नाही, तर सगळ्यात अवघड काम दिलेलं आहे.

यंदा डिपार्टमेंटच्या मॅचमध्ये त्याने स्वतःच सांगितलं, "मी मध्ये उभा राहतो, तुम्ही कट मारा." त्याचे पॉइंट नेहमीपेक्षा निम्मे झाले, बाकीच्यांचे मात्र वाढले. तीन पॉइंटनी जिंकलो. बसायला बाक नव्हता म्हणून टाकीच्या कट्ट्यावर बसून पाणी प्यायलो, आणि या वेळी तो बोलत होता, आम्ही ऐकत होतो.

सकाळी सहाला कोर्टवर प्रॅक्टिस असते. ज्यांना यायचं त्यांनी बूट घालून यावं. स्लिपरवाल्यांना फक्त बॉल आणून द्यायचं काम मिळेल. उंचीची अट नाही. ती बघायची असेल तर चिमण्या आहेतच.

— एक हॉस्टेलवासी, टी. ई. (इलेक्ट्रिकल)