मांडवगड एका दिवसात

इंदूरहून मांडवगड सुमारे 100 किलोमीटर. एका दिवसात सारेच पाहण्याचा हव्यास नसावा. आधी ऋतू निवडावा. जहाजमहाल दोन तलावांच्या मध्ये उभा आहे. ते तुडुंब भरले म्हणजेच तो जहाजासारखा भासतो. परंतु भर पावसाळ्यात दक्षिण कड्यावरील रूपमती मंडपातून धुक्यावाचून काही दिसत नाही. नर्मदेची रेघ दिसणार नसेल, तर ती चढण कशासाठी? (कोकणातल्या माणसास नुसत्या पावसाचे काय अप्रूप!) आश्विनात तलावांत पाणीही असते, आकाशही निवळते. होशंगशहाच्या संगमरवरी कबरीस मात्र अर्धा तास राखावा. 1659 साली मोगल स्थपती ती पाहून गेल्याचा लेख तिच्या दारावर आहे. परतताना तेथील गोरखचिंचेचे आंबट फळ चाखावे. हा वृक्ष मूळचा आफ्रिकेचा.