‘नुसते आकडे तर बदलायचे असतात!’

“कॅलिब्रेशनला टाकलंय? मग काय, नुसते आकडे बदलायचे.” हिंजवडीच्या कँटीनमध्ये हे वाक्य इतक्या सहानुभूतीने ऐकवलं जातं, की नव्याने लागलेला इंजिनिअर जेवण संपायच्या आत दुसऱ्या टीमची चौकशी सुरू करतो. समज असा की गाडीच्या ईसीयूमधली, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातली, सगळी बुद्धी कोडमध्ये असते आणि आकडे म्हणजे वरची रंगरंगोटी.

आता डिझेल इंजिनाचा ईसीयू घ्या. त्यातला कोड ढोबळमानाने एवढंच सांगतो: इंजिनाचा वेग बघ, भार बघ, तक्त्यातून आकडा काढ, त्याप्रमाणे कर. पण डिझेल किती आणि कधी सोडायचं, टर्बोचा दाब किती ठेवायचा, जळालेला वायू किती परत फिरवायचा, हे तक्ते ठरवतात. अशा राशी एका ईसीयूत हजारोंनी असतात. एकच प्रोग्राम दोन मॉडेलांत घालून वेगळे आकडे भरले, की पेडल दाबल्यावर दोन निराळ्या गाड्या हाती येतात.

आकड्यांत किती दडवता येतं, याला पुरावा हवा असेल तर फोक्सवॅगन. 18 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, या कंपनीला नोटीस दिली. प्रयोगशाळेत नियम पाळणाऱ्या तिच्या डिझेल गाड्या रस्त्यावर मर्यादेच्या 40 पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. त्यानंतर बोखूम आणि सॅन डिएगो इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी स्वतंत्र संशोधक फेलिक्स डोम्के यांच्यासह ईसीयूंची फर्मवेअर उलगडली आणि 2017 मध्ये आयईईईच्या सुरक्षा परिषदेत निबंध मांडला. कोडमध्ये एक तपासणी होती: इंजिन सुरू झाल्यापासून किती वेळात किती अंतर कापलं, ते ठरावीक वक्रांच्या मधे बसतं का? बसलं तर ही चाचणी. आणि ते वक्र कुठे होते? कॅलिब्रेशनच्या डेटात. कोणती चाचणी ओळखायची, हे त्या ‘नुसत्या आकड्यांनी’ ठरत होतं. नुसता कोड वाचणाऱ्याला दिसली असती ती फक्त दोन राशींची निरुपद्रवी तुलना.

आकड्यांवर इतकं अवलंबून असतं, म्हणूनच कॅलिब्रेशनची साधनं वेगळी आहेत. इन्का किंवा कॅनेप ही त्यासाठीची सॉफ्टवेअर म्हणजे महागडं एक्सेल, असं मी शिकल्या-सवरल्या लोकांकडून ऐकलंय. एक्सेलमध्ये चुकीचा आकडा टाकला तर साहेब रागावतात. इथे पिस्टन वितळतो. चालत्या इंजिनात फ्लॅश मेमरी खोडून पुन्हा लिहीत बसता येत नाही. म्हणून तक्त्याची प्रत रॅममध्ये घेतात, ईसीयूला ती मूळच्या जागी दाखवतात आणि बदल त्या प्रतीत करतात. एक मूळ पान, एक कामाचं पान. बिनसलं की क्षणात मूळ पानावर परत. लॅपटॉप आणि ईसीयू यांच्यातला संवाद एक्ससीपी या प्रमाणित प्रोटोकॉलने होतो, आणि कोणती राशी मेमरीत कुठल्या पत्त्यावर आहे, ते एटूएल फाइल सांगते. कोड पुन्हा कंपाइल झाला की हे पत्ते सरकतात. नव्या कोडवर जुनी एटूएल लावणं म्हणजे गेल्या वर्षीचं वेळापत्रक घेऊन एसटी पकडायला जाणं. फरक इतकाच की इथे बस चुकल्याचं कळत नाही. पडद्यावर शीतकाचं तापमान म्हणून दिसणारा 87 हा आकडा भलत्याच राशीचा असू शकतो.

“मग सरळ डीबगर लावा, ब्रेकपॉइंट टाका आणि बघा ना!” अहो, चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन 3000 आरपीएमला दर 10 मिलिसेकंदांनी एक ज्वलन करतं. ब्रेकपॉइंटने प्रोसेसर अर्धा सेकंद थांबवलात की पन्नास ज्वलनं गेली. बहुधा त्याआधीच, प्रोसेसर अडकलाय का यावर नजर ठेवणाऱ्या वॉचडॉगने ईसीयू रीसेट केलेला असतो. विजेच्या गाडीत इन्व्हर्टरचे स्विच नको त्या स्थितीत अडकले तर ते जळूही शकतात. ब्रेकपॉइंटची जागा टेबलावर. चालत्या यंत्रावर ट्रेस घेतात, म्हणजे प्रोसेसर न थांबवता त्याने काय केलं त्याची नोंद. किंवा कॅलिब्रेशनच्या साधनातून राशींचं मोजमाप करतात.

बाकीचे किरकोळ समज. ओबीडी स्कॅनर म्हणजे कॅलिब्रेशनचं साधन नव्हे. विक्रीच्या गाडीत कॅलिब्रेशनची वाट सहसा बंद किंवा कुलूपबंद असते. स्कॅनरवरचा बिघाडाचा कोड खराब पार्टचं नाव सांगत नाही: पी0171 चा अर्थ मिश्रणात हवा जास्त किंवा इंधन कमी, एवढाच, कारण फाटलेला पाइपही असेल, दमलेला पंपही. तरी ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळे होणारे आहेतच.

आणि कंपनीने ताकद दाबून ठेवलेली असते, रिमॅप केलं, म्हणजे बाहेरून तक्त्यांतले आकडे बदलून घेतले, की फुकटात सुटते, हा समज तर अमर दिसतो. त्या दाबून ठेवलेल्या जागेला राखीव म्हणतात. एकच गाडी लेहलाही चालावी लागते, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो, आणि मे महिन्यात विदर्भातही, मिळेल त्या इंधनावर, एसी लावून आणि सामान भरून. ती राखीव जागा खर्चून टाकली की गाडी पळते खरी. पुढे टर्बो गेला की सर्व्हिस सेंटरवाले वॉरंटीचं नाव काढू देत नाहीत, आणि रिमॅप करून देणारा तोवर फोन उचलेनासा झालेला असतो.