आधी नळ, मग स्टेशन

दादरच्या गोखले रोडवर मेट्रोचे पत्रे लागले तेव्हा शेजारीपाजारी मला अडवून विचारायचे, "साहेब, रस्ता तर अडवला, स्टेशनचा खड्डा कुठाय?" पाणीखात्यातून निवृत्त झालो तरी 'साहेब' सुटलेलं नाही. मी सांगायचो, आधी नळ हलतील, मग खड्डा.

मेट्रो ३ ची लांबी ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली. बोगद्याचं यंत्र खोलातून जातं, त्याला नळांची अडचण नाही. स्टेशन मात्र बहुतेक ठिकाणी वरून उकरावं लागतं, आणि नळ नेमके वरच्याच थरात.

नकाशे असतात, पण त्यांच्या भरवशावर मी कधी जेसीबी लावू दिला नाही. आधी हातानं आडवा चर खणायचा. बिडाची जुनी वाहिनी, सांध्यात ओतलेलं शिसं, आणि कागदावर नसलेली कुणाची तरी जोडणी हमखास निघते. चावीवाल्याला सोबत ठेवावं. रोज ठरल्या वेळी गल्लीगल्लीचे व्हॉल्व्ह फिरवणारा हा माणूस, पाणी कुठून वळतं ते त्याला पक्कं ठाऊक.

मुंबईत पाणी ठरावीक तासच येतं. एरवी रिकाम्या पडलेल्या नळाला बारीक चीर असली, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून नवी वाहिनी मलवाहिनीपासून लांब आणि तिच्याहून वर हवी. फुटपाथखाली वीज, गॅस, टेलिफोनच्या गर्दीत अशी जागा काढताना जीव मेटाकुटीला येतो.

पण खरी गोम वळणावर. ६०० मिलिमीटरच्या वाहिनीत ३० मीटर उंचीच्या टाकीइतका दाब असेल, तर काटकोनी वळणाला पाणी सुमारे १२ टन जोरानं बाहेर रेटतं. एरवी वळणामागे काँक्रीटचा ठोकळा बसवतात. तो मागच्या घट्ट मातीला टेकून तो रेटा पेलतो. इथं मागची माती महिन्याभरात स्टेशनसाठी उकरली जाणार. मग ठोकळा टेकणार कशाला? तिथं पोलादी नळ वेल्डिंगनं सलग जोडावे लागतात, म्हणजे ओढ नळच सोसतो. वेल्डर चांगला मिळाला तर निम्मं काम फत्ते.

नवी वाहिनी दाब देऊन तपासायची, क्लोरीननं निर्जंतुक करायची. तोवर जुनी चालूच. शेवटची जोडणी पाणी बंद ठेवून, बहुधा रात्री. त्यातही जुना व्हॉल्व्ह नीट बसत नाही, मुख्य पाणी बंद केलं तरी खड्ड्यात धार लागलेलीच, आणि पंप लावून उपसत उपसत काम करायचं.

पाणी सोडताना व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा. घाई केली तर कोंडलेली हवा आणि पाण्याचा तडाखा मिळून नवा सांधा उखडतो. सकाळी फोन येतात ते मात्र गढूळ पाण्याचे. ते थोडा वेळ वाहू द्या, स्वच्छ येईपर्यंत टाकीत घेऊ नका.