पुणे मराठाज : एका मोसमाचे विजेते

अमेरिकन फुटबॉल नावालाच फुटबॉल. चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीगने हा खेळ आपल्याकडे आणला. रग्बी-कबड्डी खेळणारी मुले घेतली, कोलंबोत सामने चित्रित केले आणि नंतर टेन स्पोर्ट्सवर दाखवले. अंतिम सामन्यात पुणे मराठाजने दिल्ली डिफेंडर्सला ६-० हरवले. पुढे लीग टिकली नाही. विजेत्यांना घरचे मैदान नव्हते, घरचा प्रेक्षक नव्हता. सगळी भिस्त टीव्हीवर.

नाशिकच्या आमच्या वर्गातली मुलेही रोज नव्या लीगची नावे सांगतात. अम्मी-अब्बूंनी खेळ जरूर खेळू द्यावा. पण सही करण्याआधी करार मागून वाचावा : पगार कोण देणार, किती महिने, आणि हाड मोडले तर दवाखान्याचा खर्च कोणाचा?