दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाच्या जागृतीचा इतिहास अण्णा बाबाजी लठ्ठे यांचे नाव वगळून लिहिता येत नाही. १८७८ मध्ये जन्मलेल्या अण्णासाहेबांनी एम.ए. व कायद्याची पदवी संपादन केली आणि १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या कार्यास तरुणपणीच वाहून घेतले. खेड्यांतील श्रावकांच्या मुलांना शहरी राहून शिकता यावे, हा त्यांचा ध्यास होता. कोल्हापूरचे जैन बोर्डिंग त्यातूनच नावारूपास आले.

याच बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील हा विद्यार्थी होता. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास तो गेला, परतल्यावर शुद्धिस्नानास नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे भाऊरावांचे चरित्रकार सांगतात. सुधारक म्हणून अण्णासाहेब मोठे खरेच. पण या प्रसंगी शिष्य गुरूच्या पुढे गेला, हे मान्य केले पाहिजे. १९१४ च्या डांबर प्रकरणात अण्णासाहेबांवर बालंट आले. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी याच भाऊरावांचा अनन्वित छळ केला, तरी ते बधले नाहीत. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर ते हेच.

अण्णासाहेबांना कोल्हापूर सोडावे लागले. शाहू महाराजांशी दुरावा आला होता. तरीही महाराजांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, त्यांचे विस्तृत इंग्रजी चरित्र अण्णासाहेबांनीच सिद्ध केले. पुढे त्याच कोल्हापूरचे दिवाणपद त्यांच्याकडे आले.

१९३७ मध्ये ते बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. मद्यपान त्याज्य, हे जैन कुटुंबात कोणास समजावून सांगावे लागत नाही. परंतु दारूबंदीने सरकारी तिजोरीत पडणारी तूट कशी भरावी, हा प्रश्न धर्माचा नव्हे, जमाखर्चाचा होता. त्यासाठी शहरातील घरांच्या भाडेमूल्यावर दहा टक्के कर बसवला गेला. घरमालक संतापले. कर मागे घेतला गेला नाही आणि १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. आपल्या गेवराई तालुक्यातील उमापूर त्या वेळी निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे तेथील पेढ्यांना या कराची झळ लागली नाही आणि त्या दारूबंदीचा लाभही झाला नाही.

काही महिन्यांतच, महायुद्धाच्या प्रश्नावर, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. अण्णासाहेब १९५० मध्ये निवर्तले.