मुलाला पलटणीची ओढ लागली तर

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर सायंकाळी उभे राहिले म्हणजे टाऊन हॉल, पोस्टाची इमारत, व्हिक्टोरिया मार्केट आणि मध्यभागी जियाजीराव शिंद्यांचा पुतळा असा सारा थाट एका नजरेत येतो. हिंदीने ‘बाड़ा’ केले असले तरी मूळ आपला वाडाच. भोवतालच्या शहराचे नाव मात्र याहून बोलके आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी फौजेचा तळ दिला आणि तो तळ पुढे हललाच नाही. राहुट्या गेल्या, दगडी घरे आली, सराफा वसला; नाव मात्र ‘लष्कर’ हेच राहिले. कंपू काय किंवा शिंदे की छावणी काय, इथल्या वस्त्यांची नावेदेखील पलटणींचीच खूण सांगतात.

अशा गावात एखाद्या तेरा वर्षांच्या मुलाने शाळेतून येऊन “मला छात्रसेनेत जायचे आहे” असे म्हटले, तर घरात आनंद व्हावा अशी आपली अपेक्षा. प्रत्यक्षात काय होते? दिवाणखान्यात पणजोबांची तलवार टांगलेली असते, पाहुण्यांना ती अगत्याने दाखविलीही जाते. पण मुलाने गणवेशाचे नाव काढताच वडिलांना वार्षिक परीक्षा आठवते आणि आईला सीमेवरील बातम्या. एकुलता एक मुलगा असला म्हणजे तर बोलणेच खुंटते.

या दोन्ही भीतींना उत्तर आहे. राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे आपण जिला एन.सी.सी. म्हणतो ती, पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९४८ च्या कायद्याने स्थापन झाली. त्या कायद्यातच असे स्पष्ट केलेले आहे की, केवळ छात्रसैनिक झाल्यामुळे कोणावरही प्रत्यक्ष लष्करी सेवेचे बंधन येत नाही. मुलगा कवायत करील, नकाशा वाचावयास शिकेल, पॉइंट बावीसच्या रायफलीने नेम धरील, दहा दिवसांच्या शिबिरात स्वतःचे ताट स्वतः घाशील. आणि पुढे खुशाल वकील होईल. अभ्यासाची हानी होते म्हणावे, तर आठवड्यातील ते काही तास मुले एरवी कोठे घालवितात, हे पालकांनी एकदा मोजून पाहावे.

मात्र याच्या उलट प्रकारचे पालकही असतात, आणि मला त्यांचीच अधिक काळजी वाटते. स्वतःचे राहून गेलेले स्वप्न ते मुलाच्या अंगावर गणवेशासारखे चढवितात. आपल्या देशाने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. १९६२ च्या युद्धानंतर, १९६३ मध्ये, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छात्रसेना सक्तीची झाली. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. सक्तीने रांगेत उभा केलेला मुलगा हजेरी लावतो. आवडीने आलेला मुलगा पाऊस असला तरी अर्धा तास आधी येतो. तेव्हा प्रोत्साहन द्यायचे ते बेताने. पहाटे त्याला उठवू नये, गजराचे घड्याळ द्यावे. त्याचे बूट आईने चमकवू नयेत. पितळी बकल पहिल्या खेपेस डागाळलेले राहिले आणि उस्तादाने चारचौघांत बोल लावला, तर तो धडा घरच्या शंभर उपदेशांहून स्वस्त पडतो.

आता एक घरचीच गोष्ट सांगतो. ग्वाल्हेरच्या आकाशात हवाई दलाची मिराज विमाने १९८५ पासून गर्जत आली आहेत. माझा भाचा ती पाहतच मोठा झाला. वैमानिक व्हायचे, याखेरीज दुसरी गोष्ट त्याला ठाऊक नव्हती, आणि मी मामा या नात्याने त्या वेडाला खतपाणीच घातले. सतराव्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच्यापुढे रंगीत ठिपक्यांचे पुस्तक धरले. त्या ठिपक्यांत लपलेला आकडा तुम्हाआम्हाला सहज दिसतो. त्याला तो दिसेना. लाल आणि हिरवा यांतील भेद त्याच्या डोळ्यांना जन्मापासूनच नीट कळत नव्हता. हा दोष मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ अधिक आढळतो. बहुधा आईकडून येतो आणि आईला स्वतःला त्याची कल्पनाही नसते. वैमानिकाच्या बाबतीत ही कसोटी फार कडक असते. त्या मुलाने पुढे कित्येक दिवस गच्चीवर जाणे सोडले होते. पाच मिनिटांची तपासणी. ती दहाव्या वर्षी झाली असती तर त्याची वाट वेळीच वळली असती. ही चूक माझीच होती. मी विमानांची चित्रे आणून दिली, डोळे तपासून घेतले नाहीत.

ज्याची ओढ टिकते त्याच्यासाठी वाटा अनेक आहेत. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची. सहावीत किंवा नववीत प्रवेश मिळतो. नाशिकची भोसला सैनिकी शाळा डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये सुरू केली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि ती उत्तीर्ण झाल्यावर निवड मंडळापुढे पाच दिवस काढावे लागतात. त्या पाच दिवसांत पाठांतर उपयोगी पडत नाही; अनोळखी सोबत्यांबरोबर दोरी, फळी आणि पिंप घेऊन एखादा अडथळा पार करताना मुलगा इतरांचे ऐकतो की नुसता ओरडतो, हे तेथे पाहतात. महाविद्यालयात छात्रसेनेचे ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळविलेल्या पदवीधराला लेखी परीक्षेवाचूनही या मंडळापुढे जाता येते.

आतापर्यंत मी ‘मुलगा, मुलगा’ म्हणत आलो, ही जुनी खोड आहे. फुलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंची समाधी असलेल्या गावात ती अधिकच विसंगत दिसते. छात्रसेनेत मुलींचा विभाग १९४९ पासून आहे. तिच्या महिला अधिकाऱ्यांना घडविणारी संस्था १९६४ पासून ग्वाल्हेरातच आहे. खडकवासल्याचे दार मुलींसाठी २०२२ मध्ये उघडले आणि मे २०२५ मध्ये पहिल्या सतराजणी तेथून शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या.

माझा भाचा सध्या भूमापन शिकतो. नकाशाची गोडी त्याला छात्रसेनेच्या शिबिरातच लागली होती. त्याची धाकटी बहीण गेल्या महिन्यात शाळेतून छात्रसेनेचा अर्ज घेऊन आली. माझ्या बहिणीने त्यावर सही करण्यापूर्वी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. ठिपक्यांतले सारे आकडे तिने न अडखळता वाचले, आणि घरी येताना बाड्यावरून बूट पॉलिशची डबी स्वतःच्या पैशांनी घेतली.