बोर्ड गेले, कंपनी आली

आमच्या कामठीत लाइट गेली की आजही माणूस म्हणतो, "एमएसईबीला फोन लाव!" वास्तविक 6 जून 2005 रोजीच त्या मंडळाच्या चार कंपन्या झाल्या. वीज तयार करणारी महानिर्मिती, ती वाहून नेणारी महापारेषण, घरोघर पोचवणारी महावितरण, आणि या तिघींच्या डोक्यावर एक सूत्रधारी कंपनी. 1960 साली, महाराष्ट्र राज्याबरोबरच जन्मलेले मंडळ कागदावरून गेले. ग्राहकाच्या तोंडी जुने नाव राहिले तर ती सवय म्हणता येईल. पण तिथे नोकरी करणाऱ्यांच्या तोंडूनही 'बोर्ड' जात नाही, याचे मला नवल वाटे.

या खात्याची माणसे आमच्याकडे पुष्कळ. कोराडीचे वीजकेंद्र आमच्या तालुक्यातच, 1974 पासून चालू. शेजारच्या सावनेर तालुक्यात खापरखेडा. लग्नाच्या पंगतीत बसावे, तर उजव्या हाताला एखादा ऑपरेटर, नाही तर ऑपरेटरचा मेहुणा हमखास! जुनी मंडळी पगाराविषयी फारशी कुरकुर करीत नाहीत. त्यांना सलते ते वेगळेच. लाइनमनचा 'जनमित्र' झाला. नवा मुलगा एकदम कामगार म्हणून लागत नाही. 'विद्युत सहायक' म्हणून तीन वर्षे ठराविक मानधनावर राहतो. आणि त्याच्याच शेजारी, त्याच खांबावर, कंत्राटी मुलगा चढलेला असतो. एकाचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर, दुसऱ्याचे ठेकेदाराच्या वहीत. करंट मात्र दोघांनाही सारखाच लागतो.

मंडळ म्हणजे रामराज्य नव्हते, हेही सांगितले पाहिजे. नव्या मीटरसाठी खेटे घालून चपला झिजवलेले लोक आमच्या गावात कमी नाहीत. आज तक्रार फोनवर नोंदवता येते, बिल घरबसल्या भरता येते. ग्राहक म्हणून मला ते दिवस परत नकोत.

पण ठेकेदारीचे दुखणे कामठीला कुणी समजावून सांगायला नको. आमचे गाव विडीचे. मालक आणि विडी वळणारी बाई यांच्या मधे ठेकेदार. विडी छाटात गेली तर दाद ठेकेदाराकडे मागायची, आणि ठेकेदार मालकाकडे बोट दाखवणार. याच गावच्या बाबू हरदासांनी (1904-1939) विडी-कामगारांची संघटना बांधली. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय ज्यांना देतात, तेच हे हरदास. पुढे 1966 साली संसदेने विडी व सिगार कामगारांसाठी कायदा केला आणि ठेकेदारामार्फत राबणाऱ्यांची जबाबदारीही मूळ मालकावर टाकली. विडीला जे इतक्या उशिरा मिळाले, त्याच्या उलट दिशेला विजेचे खाते चालले आहे, असे मला वाटते.

नागपूरकरांनी तर खाजगी कारभारही पाहिला. 2011 मध्ये सिव्हिल लाइन्स, महाल आणि गांधीबाग या विभागांची वीज स्पॅन्को कंपनीकडे गेली. वर्षभरात ती एस्सेल समूहाकडे आली. आणि सप्टेंबर 2019 मध्ये सारे पुन्हा महावितरणच्या गळ्यात! आठ वर्षांत पाट्या बदलत राहिल्या.

म्हणूनच 4 जानेवारी 2023 चा संप मला महत्त्वाचा वाटतो. भांडुप, ठाणे, नवी मुंबई या भागांत वीजवितरणाचा समांतर परवाना अदानींच्या कंपनीने मागितला होता. त्याविरुद्ध तिन्ही कंपन्यांतील तीसएक संघटनांनी बहात्तर तासांचा संप पुकारला. सरकारने 'मेस्मा' लावला, तरी माणसे बाहेर पडली. पगारवाढीसाठी नव्हे, आपण ज्याची चाकरी करतो ते लोकांच्या मालकीचे राहावे, एवढ्यासाठी. वेतनवाढीवाचून इतका मोठा संप आपल्याकडे क्वचितच होतो. त्या वेळचे उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी संघटनांची बैठक घेतली, या कंपन्यांचे खाजगीकरण करण्याचा विचार नाही असे सांगितले, आणि त्याच दिवशी संप मिटला.

आमच्या गल्लीतला एक कंत्राटी मुलगाही त्या संपात होता. संध्याकाळी आईने त्याला विचारले, "मिटला ना रे संप? मग तू आता पक्का झालास का?" तो नुसता हसला आणि बूट चढवू लागला. कन्हानच्या रस्त्यावर कुठेसा ट्रान्सफॉर्मर बसला होता.